कलेन कॅसलला जायचंय? मग दिवस असा आखा

स्कॉटलंडमधल्या मराठी घरात उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की पहिले दोन वीकेंड एडिंबराचा किल्ला आणि लॉक लोमंड यातच जातात, आणि मग तिसऱ्या शनिवारी सगळे एकमेकांकडे बघतात की आता कुठे न्यायचं. बेटावर जायचं तर फेरीबोटीचं बुकिंग, हायलँड्सला जायचं तर गाडीत पाच तास, आणि बाबांना तर सांगितलेलं असतं "जवळच आहे". अशा वेळी माझं उत्तर ठरलेलं आहे, कलेन कॅसल. ग्लासगोहून साधारण पन्नास मैल, एअरशरच्या किनाऱ्यावर, एअर गावाच्या खाली बारा मैलांवर. समुद्राच्या कड्यावर उभा असलेला किल्ला, मागे गच्च्यागच्च्यांची बाग, त्याच्यामागे भिंतीतली बाग, आणि या सगळ्याभोवती सुमारे २६० हेक्टरचं जंगल, तळं, हरणं, किनारा. नकाशावर शोधताना एक लक्षात ठेवा, स्पेलिंगमध्ये (Culzean) मधे झेड आहे, पण तो उच्चारात नाही, लोक कलेनच म्हणतात, बसच्या ड्रायव्हरला "कुल्झियन" म्हणालात तरी तो सभ्यपणे समजून घेतो.

पण बहुतेक लोक इथे येऊन काय करतात ते मी बघितलंय. गाडी लावली, सरळ किल्ल्यात, तासाभरात खोल्या बघून बाहेर, तोफेवर पोरांना बसवून फोटो, कॉफी, स्कोन, आणि परत. आणि मग घरी येऊन म्हणतात की ठीक होतं, तिकीट जरा महागच वाटलं. वाटणारच! तुम्ही चार आण्याचं बघितलंत आणि बारा आणे तसेच सोडून आलात. इथे किल्ला हा दिवसातला एक तास-दीड तास आहे, बाकी दिवस बाहेरचा आहे, आणि तो बाहेरचा भाग नीट क्रमाने केला तरच किल्ला सुद्धा कळतो. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी, अपेक्षा जाग्यावर आणा

आपल्याकडे किल्ला म्हटलं की रायगड, राजगड, तट, बुरूज, चोर दरवाजे, दमछाक. इथे तसलं काही नाही, आणि हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर बाबा तासभर तटबंदी शोधत बसतील. हा दिसायला किल्ला आहे पण आहे तो श्रीमंत जमीनदाराचा वाडा. मूळ जागी केनेडी घराण्याची जुनी, खरोखर लढाईच्या काळातली दगडी गढी होती. १७७७ मध्ये कॅसिलिसचा दहावा अर्ल (म्हणजे सरदार, वंशपरंपरेने चालणारी पदवी) डेव्हिड केनेडी याने रॉबर्ट अ‍ॅडम या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या आर्किटेक्टला बोलावलं आणि त्या गढीभोवती नवा वाडा बांधायला घेतला, तो पंधरा वर्षं चाललाच. बाहेरून बुरूज, कंगोरे, बाणांच्या फटी, सगळा देखावा, आणि आत एकदम नाजूक प्लास्टरकाम, फिके रंग, गोल दिवाणखाना. अर्लवर या बांधकामापायी कर्जाचा डोंगर झाला, आणि गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, मालक आणि आर्किटेक्ट दोघेही १७९२ मध्येच गेले. मग वारसा हक्काने पदवी गेली ती थेट न्यूयॉर्कच्या शाखेकडे, आर्चिबाल्ड केनेडी नावाचा नौदलातला कॅप्टन अकरावा अर्ल झाला. १९४५ मध्ये घराण्याने हे सगळं नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, आणि १९६९ मध्ये भोवतालची जमीन स्कॉटलंडचं पहिलं कंट्री पार्क झाली. कंट्री पार्क म्हणजे नॅशनल पार्क नव्हे हं, शहरातल्या माणसाला गाडी घेऊन येऊन दिवसभर मोकळ्या हवेत हिंडता यावं म्हणून मुद्दाम राखलेली जागा.

एवढं माहीत असलं तरी पुरे, बाकीचं आत उभे असलेले वयस्कर व्हॉलंटियर सांगतात, आणि ते फार प्रेमाने सांगतात, त्यांना प्रश्न विचारा. बाबांना इंग्लिश बोलायला संकोच वाटत असेल तर तुम्ही विचारा आणि मराठीत सांगा, पण विचारा.

कधी जायचं

किल्ला आतून बघायचा असेल तर साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच जा, हिवाळ्यात बहुतेक दिवस आतला भाग बंद असतो, पार्क मात्र वर्षभर उघडं. नेमक्या तारखा आणि शेवटच्या एन्ट्रीची वेळ ट्रस्टच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी बघाच, कारण कधी लग्न असतं, कधी कुठला कार्यक्रम असतो, आणि किल्ला दुपारीच बंद होतो.

महिन्यांचं म्हणाल तर माझी पहिली पसंती मे. जंगलात खाली निळ्या ब्लूबेल्सचा गालिचा असतो आणि वर ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले, दिवस मोठा झालेला आणि शाळांच्या सुट्ट्या अजून लागलेल्या नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीतली बाग सगळ्यात भरलेली असते पण गर्दीही तेव्हाच. जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे किल्ला बंद झाला तरी किनाऱ्यावर निवांत फिरता येतं. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग छान, पण संध्याकाळ लवकर होते आणि वारा बोचरा. फेब्रुवारीत स्नोड्रॉप्सची पांढरी फुलं बघायला लोक येतात, पण आई-बाबांना फेब्रुवारीत इथे आणलंत तर ते तुमचं नाव काढतील, चांगल्या अर्थाने नाही.

तिकीट की मेंबरशिप

इथे थोडं गणित करा. तिकिटांचे दर बदलत असतात म्हणून आकडा देत नाही, पण चौघांचं किल्ला आणि पार्क दोन्हीचं तिकीट काढायला निघालात की काउंटरवरचा माणूस हमखास ट्रस्टची मेंबरशिप सुचवतो, आणि तो उगाच गळ्यात मारत नसतो. वर्षभरात अशा दोन-तीन जागा बघणार असाल, म्हणजे ब्रॉडिक, क्रेथेस, कलोडनचं रणांगण वगैरे, तर फॅमिली मेंबरशिप वसूल होते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तर नीट ऐका, तुमच्याकडे इंग्लंड-वेल्सवाल्या नॅशनल ट्रस्टचं कार्ड असेल तर ते इथेही चालतं, दोन्ही संस्था वेगळ्या आहेत पण एकमेकींच्या मेंबरांना आत सोडतात. कार्ड घरी विसरू नका. फक्त बागा आणि जंगल बघायचं असेल तर पार्कचं वेगळं, स्वस्त तिकीट असतं. आणि हे मी अगदी मनापासून सांगतो, गुडघेदुखीमुळे आई किल्ल्यात जिने चढणार नसेल तर तिच्यासाठी तेवढंच तिकीट काढा, तिचं काही चुकत नाही. जिन्यांची खरोखर काळजी असेल, व्हीलचेअर असेल, तर आधी फोन करून विचारा, असल्या चौकशीला तिथले लोक नीट उत्तर देतात.

जायचं कसं

गाडी असेल तर ग्लासगोहून एम ७७, मग ए ७७ धरून एअर ओलांडायचं आणि पुढे ए ७१९ हा किनाऱ्याचा रस्ता. ए ७७ वरून सरळ मेबोलला जाऊन तिथून चार मैल पश्चिमेला वळणंही शक्य आहे आणि सॅटनॅव्ह बहुतेक वेळा तेच सांगतो. मी म्हणतो जाताना किनाऱ्याने जा, डाव्या हाताला शेतं आणि उजव्या हाताला समुद्र, समोर ॲरन बेटाचे डोंगर. पाऊण तासात पोहोचू असं कुणाला सांगू नका, थांबत-थांबत सव्वा-दीड तास धरा. ज्याला गाडीत उलटी होते त्याला पुढे बसवा, रस्ता वळणावळणाचा आहे.

गाडी नसेल तरी होतं. ग्लासगो सेंट्रलहून एअरची ट्रेन, साधारण पन्नास मिनिटं, ट्रेन्स भरपूर आहेत. एअरहून गर्व्हनच्या दिशेने किनाऱ्याने जाणारी स्टेजकोचची ६० नंबरची बस पकडायची, ती पार्कच्या गेटपाशी सोडते. आता खरी गोम ऐका. गेट म्हणजे किल्ला नव्हे! गेटपासून किल्ला जवळजवळ एक मैल आत आहे, झाडीतला रस्ता, चालायला सुंदर पण पावसात आणि छोट्या मुलांना घेऊन तोच मैल तीन मैलांचा होतो. त्यामुळे बसने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी करायच्या, परतीच्या बसच्या वेळांचा फोटो काढून ठेवायचा (रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं) आणि गेटपर्यंत चालायला अर्धा तास राखून ठेवायचा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, नकाशा घरूनच डाउनलोड करा.

काय घालायचं, काय न्यायचं

साडी किंवा सलवार-कमीज चालेल, पण पायात बूट हवेत, चपला नकोत, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटा ओल्या आणि निसरड्या असतात. एकावर एक असे पातळ थर घाला, वर वारा अडवणारं जॅकेट. छत्री नेऊ नका, कड्यावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि मग दिवसभर ती मोडकी छत्री कुणीतरी सांभाळत बसतं. गवतातून, नेच्यांतून चालणार असाल तर पँट पायघोळ हवी आणि मोज्यात खोचलेली बरी, कारण इथे टिक्स असतात, आपल्याकडच्या गोचिडीसारखाच प्रकार, आणि त्यांच्यातून लाइम डिसीज होऊ शकतो. घरी गेल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे आणि कंबरेचे भाग बघून घ्या. टिक चिकटलेली दिसली तर पिळायची नाही, कातडीला लागून चिमट्याने धरून सरळ ओढायची.

डबा न्या. नेहमीप्रमाणे पोळ्यांचे रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या, दही-भात वगैरे, पिकनिकची बाकं जागोजागी आहेत आणि आपला डबा उघडला म्हणून कुणी बघत नाही. कॅफेही आहेत, होम फार्मपाशी मोठं आणि किल्ल्याजवळ जुन्या तबेल्यात छोटं. शाकाहारी मंडळींना एक इशारा, स्कॉटलंडमध्ये लेंटिल सूप म्हणजे मसुराची डाळ असं समजून आई आनंदाने मागवते, पण पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हेज असतं, पण बोर्डावर सूप ऑफ द डे लिहिलेलं असलं की "व्हेजिटेरियन स्टॉक आहे का" असं नेमकं विचारा, नुसतं "मांस आहे का" विचारलं तर नाही म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरंच असतं. नाहीतर चीज स्कोन आणि चहा, त्यात भानगड नाही.

आता दिवसाचा क्रम

सकाळी उघडायच्या वेळेला पोहोचा. निघण्याआधी घरी दोन गोष्टी बघितलेल्या असल्या पाहिजेत, एक म्हणजे किल्ल्याची शेवटची एन्ट्री आणि दुसरी म्हणजे भरती-ओहोटीची वेळ. दुसरी कुणीच बघत नाही. ओहोटी सकाळी असेल तर किनारा आधी, दुपारी असेल तर किनारा शेवटी, सगळा दिवस या एका गोष्टीवर फिरवायचा. खाली मी दुपारी ओहोटी आहे असं धरून लिहितोय.

गाडी होम फार्मच्या बाजूला लावा. हे होम फार्मसुद्धा अ‍ॅडमनेच काढलेलं, शेतीच्या गोठ्या-कोठारांना पण त्याने चौकाचा वाड्यासारखा घाट दिला, आता तिथे दुकान, कॅफे, माहिती केंद्र आहे. कागदी नकाशा घ्या, बाथरूम उरकून घ्या, आणि कॅफेत न बसता चालायला लागा.

इथून किल्ल्याकडे जाताना आधी कमान लागते, पडकी, वेली चढलेली, आणि पुढे दगडी व्हायाडक्ट म्हणजे पुलासारखा रस्ता. आई म्हणेल अरेरे किती पडलंय, दुरुस्त का करत नाहीत. तर ते मुद्दाम तसं बांधलेलं आहे! त्या काळात श्रीमंतांना अवशेषांचं वेड होतं, इटलीतले रोमन भग्नावशेष बघून आलेले लोक आपल्या बागेत पडक्या कमानी नव्या बांधून घ्यायचे, आणि अ‍ॅडम स्वतः इटलीत राहून आलेला. पाहुण्याची बग्गी त्या कमानीखालून यायची, व्हायाडक्टवरून पुढे सरकायची आणि मग एकदम किल्ला समोर. म्हणून मी सांगतो की मागच्या वाटेने किल्ल्यात घुसू नका, याच रस्त्याने चालत या, मालकाची इच्छा होती तसेच.

किल्ल्याच्या आत

आत शिरल्या शिरल्या शस्त्रागार. भिंतीवर पिस्तुलं आणि तलवारी वर्तुळात, पंख्यासारख्या, नक्षी काढावी तशा लावलेल्या, शेकड्यांनी. पोरं इथेच अडकतात. ही शस्त्रं इथल्या कुठल्या लढाईतली नाहीत, १८१० च्या आसपास बाराव्या अर्लने ती टॉवर ऑफ लंडनच्या साठ्यातून सजावटीसाठी विकत घेतली. त्यातच एका विमानाचा लाकडी पंखा टांगलेला दिसेल, पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये लंडनजवळ जर्मन एअरशिप पाडणाऱ्या लीफ रॉबिन्सनच्या विमानाचा.

पुढे खोल्या एकामागून एक आहेत, त्या सगळ्यांत सारखाच वेळ घालवू नका. जेवणघर, शयनगृहं वगैरे जाता-जाता बघितली तरी चालतात. दोन ठिकाणी मात्र थांबा.

पहिलं ठिकाण ओव्हल जिना. हा अ‍ॅडमने सगळ्यात शेवटी काढला. जुन्या गढीचा भाग एका बाजूला आणि समुद्राकडचा नवा भाग दुसऱ्या बाजूला, मधे अंधारी अडचणीची जागा उरली होती, तिथे त्याने हा लंबगोल जिना बसवला आणि वर काचेचं छत, म्हणजे सगळ्या घराला मधून उजेड. खाली उभं राहून वर बघा आणि खांब निरखा. पहिल्या मजल्यावरच्या खांबांची डोकी पानांची, भरगच्च, म्हणजे कोरिंथियन, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर साधी, गुंडाळीवाली, आयोनिक. पुस्तकी नियमाने हे बरोबर उलटं हवं, साधं खाली आणि नटलेलं वर. त्याने मुद्दाम उलटं केलं, आणि त्यामुळे नजर वर जाताना जिना आहे त्यापेक्षा उंच वाटतो. हे कुणी सांगितलं नाही तर कळत नाही, एकदा कळलं की डोळा तिथून हलत नाही.

दुसरं ठिकाण गोल दिवाणखाना. समुद्राच्या बाजूच्या मोठ्या बुरुजात, गालिचाही गोल. छत बघायला सगळे माना वर करतात, पण तुम्ही खिडकीशी जा. थेट खाली कडा आणि लाटा, समोर ॲरन, हवा स्वच्छ असेल तर त्यामागे किंटायर द्वीपकल्पाची रेघ. आत फिका गुलाबी-निळा रंग आणि नाजूक नक्षी, बाहेर काळे खडक आणि फेस. एवढ्या सभ्य खोलीच्या खिडकीत एवढा रांगडा समुद्र आणून बसवणं ही अ‍ॅडमची कमाल, माझ्या मते अख्ख्या किल्ल्यात ही एक खिडकी पैसे वसूल करते. वादळी दिवशी तर अजूनच.

आयझेनहॉवरची गोष्टही इथे ऐकायला मिळेल. १९४५ मध्ये किल्ला ट्रस्टला देताना घराण्याने अट घातली की वरच्या मजल्यावरचा फ्लॅट अमेरिकेच्या जनरल आयझेनहॉवरला हयातभर वापरायला द्यायचा, दुसऱ्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल स्कॉटलंडचे आभार म्हणून. तो इथे चार वेळा येऊन राहिला, पहिल्यांदा १९४६ मध्ये आणि एकदा तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असताना. घरात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची जुनी कागदी पाच पौंडाची नोट कुठे पडली असेल तर मागची बाजू बघा, त्यावर हाच किल्ला आहे. ती नोट आता दुकानात चालत नाही, पण मुलांना दाखवायला मजा येते.

पाठीवरची मोठी सॅक पुढे घ्या किंवा ठेवून जा, फ्लॅश बंद ठेवा, आणि कशालाही हात लावू नका, दोरीच्या आतल्या खुर्चीवर तर अजिबात बसू नका. हसू नका, दमलेली वडीलधारी माणसं पटकन टेकतात.

बागा

किल्ल्यातून बाहेर आलात की समुद्राकडे जायचा मोह होईल, तोफांपाशी फोटो काढा आणि मागे फिरा. दक्षिणेच्या बाजूला उतरत्या गच्च्या आहेत आणि खाली कारंज्याचं अंगण, फाउंटन कोर्ट. इथे उभं राहून किल्ल्याकडे बघायचं, सगळ्यात चांगला फोटो इथूनच येतो, दुपारी ऊन किल्ल्याच्या अंगावर असतं तेव्हा. अजून एक बघा, इथे ताडासारखी झाडं दिसतील. स्कॉटलंडमध्ये ताड? अटलांटिकचा गरम प्रवाह या पश्चिम किनाऱ्याला लागून जातो त्यामुळे इथे कडक हिमदव कमी पडतं, वर या गच्च्या दक्षिणेकडे तोंड करून आणि मागे दगडी भिंत, त्यामुळे न्यूझीलंडची झाडंसुद्धा तग धरतात.

तिथून पुढे भिंतीतली बाग, वॉल्ड गार्डन. ही आवडते आपल्याकडच्या लोकांना, विशेषतः ज्यांच्या घरी परसबाग होती त्यांना. उंच भिंतींच्या आत वारा लागत नाही, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडते, त्यामुळे बाहेर न येणारी फळं आत येतात. मधे अजून एक भिंत घालून दोन भाग केलेत, एकीकडे फुलं आणि हिरवळ, दुसरीकडे भाज्या आणि फळझाडं, काचेच्या घरात द्राक्षवेल. भिंतीला टेकवून, फांद्या पंख्यासारख्या ताणून वाढवलेली फळझाडं नीट बघा, ही छाटणीची कला आहे. माळीकाम करणारं कुणी दिसलं तर बोला, आईच्या आणि त्यांच्या गप्पा अर्ध्या खुणांनी होतात आणि तरी वीस मिनिटं चालतात. डबा इथेच जवळपास उघडा, वारा नसल्याने प्लेटा उडत नाहीत. वेळ असेल तर कॅमेलिया हाउसकडे एक चक्कर टाका, १८१८ च्या सुमाराची गॉथिक खिडक्यांची काचेची इमारत आहे, पण फुलं वसंताच्या सुरुवातीलाच, उन्हाळ्यात नुसती इमारत.

कडा, किनारा आणि गुहा

दुपारी ओहोटी लागली की कड्यावरच्या वाटेने दक्षिणेकडे चालायला लागा. वाटेत बारूदखाना लागतो, पावडर हाउस, आणि पुढे वाट खाली छोट्या किनाऱ्याकडे उतरते. कड्याला सगळीकडे कठडा नाही, मुलांचे हात धरायचे, सेल्फीसाठी मागे-मागे सरकायचं नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगायला लावू नका.

समुद्रात एक एकटा गोल डोंगर दिसेल तो एल्सा क्रेग. जुन्या ज्वालामुखीचा आतला घट्ट गाभा उरलाय तो, आणि ऑलिंपिकमध्ये बर्फावर दगड घसरवत कर्लिंग खेळतात त्या घासून गुळगुळीत केलेल्या दगडांचा ग्रॅनाइट तिथलाच. मुलांना हे सांगितलं की एकदम रस वाटतो. खडकांवर सील पहुडलेले दिसू शकतात, जवळ जायचं नाही.

किनाऱ्यावरचे गोटे बघत चाला. या पट्ट्यात अकीक सापडतात, अ‍ॅगेट. आपल्याकडे पुणे, नगर, संभाजीनगरकडे काळ्या खडकात विहीर खणताना जे पट्ट्यापट्ट्यांचे चमकदार दगड निघतात ना, तीच जात. दोन्हीकडे कहाणी सारखी, लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे राहतात आणि मग हजारो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळीत थरावर थर जमते. फरक वयाचा, दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा चाळीस कोटींच्या घरातला. दगड ओला असताना पट्टे उठून दिसतात, म्हणून पाण्याच्या रेषेलाच शोधा. बघा, फोटो काढा, आणि ठेवून द्या, खिसे भरून नेऊ नका.

किल्ल्याच्या बरोबर खाली गुहा आहेत. स्वतःहून आत जाता येत नाही, ठरावीक दिवशी गाइडबरोबर टूर असते, जमली तर नक्की करा, बूट आणि टॉर्च हवा. अठराव्या शतकात या किनाऱ्यावर चहा, ब्रँडीचं स्मगलिंग जोरात होतं आणि या गुहांचं नाव त्यात घेतलं जातं. शिवाय एक दंतकथा, गुहेत भूत नाही हे दाखवायला एक बॅगपाइप वाजवणारा आपला कुत्रा घेऊन आत शिरला, वाजवण्याचा आवाज आत-आत जात बंद पडला आणि दोघेही परत आले नाहीत. वादळी रात्री अजून पाइप ऐकू येतो म्हणे.

खडकांवरून एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जायचा उत्साह ज्यांना आहे त्यांनी घड्याळ बघूनच जावं. भरती लागली की मागची वाट पाण्यात जाते आणि वर सरळ कडा असतो.

तळं, हरणं आणि दमलेली मंडळी

किनाऱ्यावरून वर आलात की स्वॉन पॉन्ड. मोठं तळं, हंस, बदकं, आणि मुलांसाठी झाडीत लाकडी खेळणी. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, बाळाची ढकलगाडी आणि काठी दोन्ही चालतात. खरं तर घरात कुणाला चालवत नसेल तर त्यांना किनाऱ्याच्या भानगडीत न पाडता थेट गाडीने इथे आणा, तळ्याजवळ वेगळं पार्किंग आहे, आणि बाकीचे चालत येतील. बदकांना ब्रेड घालू नका, पोळी पण नाही, घालायचंच तर भिजवलेले ओट्स किंवा मटार. जवळच पॅगोडा आहे, चिनी धाटणीचा दगडी मनोरा, एकेकाळी वरच्या बाजूला चहापान आणि खाली माकडं-पक्षी पाळलेले. परत होम फार्मकडे जाताना डिअर पार्कच्या कडेने जा, हरणं दुरून दिसतात, बहुतेक वेळा लामाही (उंटासारखे लोकरीवाले प्राणी) असतात, आणि ते पोरांना हरणांपेक्षा जास्त आवडतात.

तबेल्यातल्या कॅफेत पाच वाजता चहा मिळेल असं गृहीत धरू नका, कॅफे लवकर आवरतात. थर्मास हवाच.

परतताना

गाडी असेल तर परतताना ए ७१९ वरून एअरकडे निघा आणि दोन ठिकाणी थांबा. आधी लागतो इलेक्ट्रिक ब्रे. पाव मैलाचा रस्ता, जो डोळ्यांना उतार वाटतो पण खरा चढ आहे, ८६ ला १ असा. ब्रेक सोडला की गाडी "वर" जाते. लडाखचा मॅग्नेटिक हिल ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रकार माहीत आहे, चुंबक-बिंबक काही नाही, आजूबाजूच्या जमिनीच्या ठेवणीमुळे डोळ्याची फसगत. आधी लोकांना विजेचा प्रकार वाटला म्हणून हे नाव पडलं. बाजूला थांबायची जागा आणि माहिती कोरलेला दगड आहे. चालू रस्ता आहे हे विसरू नका, मागे गाडी दिसली की प्रयोग बंद, हझार्ड लाइट लावा, आणि पाण्याची बाटली रस्त्यावर आडवी सोडूनही तेच दिसतं, ते जास्त सुरक्षित.

पुढे डन्यूअर. छोटं बंदर आणि कड्यावर केनेडींचाच पडका किल्ला, हा मात्र खराखुरा पडका. १५७० मध्ये चौथ्या अर्लने क्रॉसरॅग्वेल मठाचा प्रमुख अ‍ॅलन स्ट्युअर्ट याला मठाच्या जमिनी नावावर करून घेण्यासाठी इथल्या तळघरात आगीवर अक्षरशः भाजला आणि सही घेतली. दुपारी त्या फिक्या गुलाबी दिवाणखान्यात उभं राहून आल्यावर हे ऐकलं की घराण्याचा दोनशे वर्षांचा प्रवास बरोबर उलगडतो. बाबांना हवे होते ते बुरूज इथे आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी पंधरा मिनिटं तरी थांबा. मठाचे अवशेष मेबोलजवळ आहेत, ते ए ७७ ने परत जाणाऱ्यांना वाटेत पडतात.

एअरच्या अलीकडे अ‍ॅलोवे लागतं, कवी रॉबर्ट बर्न्स १७५९ मध्ये जन्मला ते गाव, घर आणि म्युझियम दोन्ही आहेत आणि तीच मेंबरशिप तिथेही चालते. पण ते याच दिवसात कोंबू नका. म्युझियम संध्याकाळी बंद होतं, सगळे दमलेले असतात, आणि ते नीट बघायला अर्धा दिवस लागतो. बसने आलेल्यांनी यातलं काहीच न करता गेटपाशी वेळेवर पोहोचावं, शेवटची बस चुकली तर तिथून टॅक्सी मिळवायला फार त्रास होतो आणि पैसेही जबरदस्त जातात, त्यामुळे शेवटच्या आधीची बस हीच तुमची बस असं धरून चाला.